डबा ठेवू की काढू?

"आई, तो डबा आता भंगारात दे."

आमचे चिरंजीव बंगळुरात असतात. हे वाक्य त्यांनी मला पहिल्यांदा ऐकवलं ते २०२१ साली, आणि तेव्हापासून दर दिवाळीला न चुकता ऐकवतात. फराळ, अभ्यंग आणि डबा भंगारात. मीही दर दिवाळीला "बघू" म्हणते. सून हुशार आहे, ती या विषयात पडत नाही.

डबा म्हणजे आमचा संगणक. २०१२ च्या दसऱ्याला घेतलेला. ह्यांनी दुकानाच्या तीन चकरा मारल्या, यादीवर घासाघीस केली आणि शेवटी माऊसखालची गादी फुकट मिळवली, त्याचा आनंद संगणकापेक्षा जास्त होता. हे २०१७ मध्ये गेले. डबा राहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या घरातून मी काय काय वर नेलं असेल? गादीखालची कागदपत्रं, औषधांची पिशवी, देव, आणि चादरीत गुंडाळलेला हा डबा. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तो आपल्या पलंगावर ठेवून घेतला आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्यामुळे भंगार हा शब्द मला जरा लागतो, पण ते असो. भावनेवर यंत्र चालत नाही हे मलाही कळतं.

दुखण्यांची सुरुवात झाली ती गेल्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात. एके सकाळी बँकेचं पान उघडेना. बँकेचंच काय, वर्तमानपत्राचंही उघडेना. 'हे ठिकाण सुरक्षित नाही' अशी लाल पाटी. मला वाटलं, झालं, कुणीतरी आत घुसलं आणि माझी पेन्शन गेली. घाबरून एका विद्यार्थ्याला फोन केला. हा माझ्या वर्गात दोन वर्षं होता, निबंधात कायम काठावर पास, आता संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. संध्याकाळी आला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, कोपऱ्यात तारीख बघा." तारीख होती १ जानेवारी २०१२.

आत एक बटणाएवढा सेल असतो म्हणे. वीज बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम. तो संपला की दर वेळी संगणक उठतो तो आपल्या जन्मवर्षात. आता बँकेच्या पानाजवळ एक ओळखपत्र असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. आमचा डबा २०१२ मध्ये बसलेला, त्याच्या दृष्टीने ते ओळखपत्र अजून जन्मालाच यायचं होतं. म्हणून तो म्हणे, हा माणूस तोतया आहे. त्याचं काही चुकलं नव्हतं. चाळीस रुपयांचा सेल बदलला आणि जग पुन्हा सुरक्षित झालं. चिरंजीवांना मी मुद्दाम फोन करून सांगितलं, चाळीस रुपये!

दुसरं दुखणं श्रावणात. बटण दाबलं की नुसतंच लांबलचक कण्हणं, टूंऽऽ टूंऽऽ, आणि पडदा काळा. विद्यार्थी आला, डब्याची एक बाजू उघडली आणि म्हणाला, "बाई, खोडरबर आहे?" मला वाटलं चेष्टा करतोय. पण शाळेतून निवृत्त झाले तरी घरात खोडरबर असणारच. त्याने आतून एक हिरवी पट्टी काढली, तिच्या कडेला सोनेरी दात होते, ते दात त्याने खोडरबरने हलक्या हाताने घासले, फुंकर मारली, पट्टी परत खाचेत बसवली. डबा सुरू! त्या पट्टीला रॅम म्हणतात आणि दमट हवेत तिच्या दातांवर पुट चढतं, एवढंच कारण. फुकट. वर चहा माझाच. मी त्याला म्हटलं, निबंधात दोन मार्क जास्त द्यायला हवे होते तुला.

इथपर्यंत मी जिंकत होते.

तिसरं दुखणं मात्र खरं होतं. डबा सुरू व्हायला वीस-वीस मिनिटं घेऊ लागला. बटण दाबायचं, कुकर लावायचा, तीन शिट्ट्या झाल्या की येऊन बघायचं, तरी गोल गोल फिरतंच आहे. आणि मग आतून टिक... टिक... असा आवाज. विद्यार्थ्याने आवाज फोनवरच ऐकला आणि त्याचा स्वर बदलला. म्हणाला, "बाई, बंद करा. आत्ताच. मी येईपर्यंत लावू नका."

हार्ड डिस्क जात होती. तिच्या आत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक हात फिरतो, वाचतो, लिहितो. तेरा वर्षांनी तो हात चाचपडायला लागला की असा आवाज येतो. अशा वेळी माणसं पुन्हा पुन्हा बटण दाबून बघतात आणि उरलंसुरलंही घालवतात, असं तो म्हणाला. आधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, दुरुस्तीचं नंतर. ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे असे डबे आहेत आणि त्यात लग्नाचे फोटो आहेत.

आता हिशेब. तबकड्यांच्या जागी नवीन पद्धतीची, काहीही न फिरणारी डिस्क, जिला एसएसडी म्हणतात, ती बसवायची तर मजुरीसकट दोन हजार आठशे. नवा छोटा संगणक, पुस्तकाएवढा, आहे तोच मॉनिटर आणि आहे तोच कीबोर्ड जोडून, साधारण चोवीस हजार. चिरंजीव फोनवर म्हणाले, "आई, दोन हजार आठशे वाचवायचे की घालवायचे ते तू ठरव. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तुझ्या डब्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसतच नाही. त्याचा प्रोसेसर फार जुना, आणि सुरक्षेची जी चिप लागते ती त्यात नाही. नवीन डिस्क टाकलीस तरी दार उघडंच. त्यावर तू बँकेचे व्यवहार करणार?"

हे बोलणं बिनतोड होतं. मला राग आला तो त्यामुळेच.

विद्यार्थ्याने मधला मार्ग सुचवला, लिनक्स नावाची फुकट प्रणाली टाकून देतो, जुन्या यंत्रावरही चांगली पळते. सज्जन उपाय होता. पण तोही मला नको होता, आणि का नको हे मला कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण हेच की मला स्वतःलाही ते नीट माहीत नव्हतं. नुसतं वाटत होतं की हा डबा जसा आहे तसाच राहायला हवा.

कारण सापडलं ते २०२४ च्या दिवाळीत घडलेल्या एका प्रसंगात. त्या वर्षी चिरंजीवांनी शहाणपणाने माझी सगळी 'डॉक्युमेंट्स' पेन ड्राइव्हवर घेतली होती आणि आपल्या लॅपटॉपवर उघडून बघितली होती. फोटो ठीक, पत्रं ठीक. पण एक मोठी फाइल उघडली तर पानभर नुसती रोमन अक्षरं, स्वल्पविराम, डॉलर, टोप्या घातलेले ए आणि ओ. "बाबांची ही फाइल खराब झालीय," असं म्हणून त्याने ती बंद केली. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "खराब कशी होईल? इथे उघडते की." तो म्हणाला, "मग तुझ्या डब्याचीच काहीतरी जादू असेल." विषय तिथे संपला, करंज्या तळायच्या होत्या.

ती फाइल म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत.

नातेवाईकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडं. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि २००२ पासून दोन वर्षं गावोगाव फिरून त्यांनी घराण्याची माहिती जमवली. मराठी टंकलेखनाची परीक्षा त्यांनी नोकरीसाठी दिलेली होती, त्यामुळे सगळं स्वतः टाइप केलं. २००४ मध्ये पुस्तक छापलं, तीनशे प्रती. निम्म्या तुमच्या कपाटांत असतील, निम्म्या पुरात गेल्या. छापून झाल्यावरही लोकांची पत्रं येत राहिली, आमच्या काकांचं नाव चुकलंय, आमच्या धाकट्याचा जन्म राहिलाय. हे फाइल उघडून दुरुस्त्या करत राहायचे. आधीच्या संगणकावरून सीडीवर, सीडीवरून या डब्यावर, असा तिचा प्रवास.

तर जादूचा उलगडा. विद्यार्थ्याने मला तो कागदावर चौकटी काढून समजावला, आणि मला म्हणायला हवं की चांगला समजावला. त्या काळचे आपले बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाला वाटायचं की आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय, आणि फॉन्ट त्या अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवायचा. प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. फॉन्ट असेल तर मजकूर मराठी, नसेल तर डॉलर आणि टोप्या. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या हक्काची घरं १९९१ पासूनच मिळाली होती, पण आमच्यासारख्यांच्या टेबलापर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षं गेली. ह्यांची फाइल त्या आधीच्या रिवाजातली. चिरंजीवांनी फाइल नेली होती, मुखवटा इथेच राहिला होता, डब्याच्या पोटात फॉन्टच्या कप्प्यात.

म्हणजे हा डबा ही ह्यांचं लिहिलेलं वाचता येईल अशी जगातली बहुधा एकच जागा होती. आणि ती टिक टिक करत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. महापुरात मी त्याला उचलून नेलं ते सवयीने, असं मी आजवर सांगत आले. तसं नसणार.

विद्यार्थ्याने डबा दुकानात नेला. आतलं सगळं उतरवायला पावणेदोन दिवस लागले. काही फोटो गेले, एका सहलीचे जवळजवळ सगळेच. फाइल मात्र शाबूत मिळाली, आणि फॉन्टही मिळाला. एकदा फॉन्टचं नाव कळलं की ते जुनं लिखाण युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर असतात. मुखवट्यांची यादी समोर ठेवून तो एकेक मुखवटा उतरवत जातो. पाच मिनिटांत दोनशे बारा पानं झाली.

झाली म्हणजे, साधारण झाली. इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी उमटवायची आणि मग अक्षर, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. म्हणजे आम्ही वर्गात घोकून घेत होतो तसंच, 'क ला पहिली वेलांटी कि'. चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं ते आंतरराष्ट्रीय प्रमाण निघालं, याचं मला अतोनात समाधान वाटलं! रफाराचं उलट. तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, मागून चढवल्यासारखा, पण उच्चारात र आधी आणि युनिकोडमध्येही र आधी. या उलटापालटीत कन्व्हर्टर बऱ्याचदा बरोबर आणि कधीकधी भयंकर चुकीचा. 'दुसऱ्या' मधला र तर जागोजाग मोडलेला. कुलवृत्तांतात 'दुसऱ्या पत्नीपासून' हा शब्दप्रयोग किती वेळा येतो ते मला या निमित्ताने कळलं.

तेव्हा प्रत्येक ओळ मुळाशी ताडून बघणं भाग होतं. पेपर तपासण्यासारखंच.

आणि मग ठरलं, दुरुस्ती की नवा हा प्रश्न असा सुटेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. दोन्ही. डब्यात दोन हजार आठशेची डिस्क घातली आणि जुनं सगळं, फॉन्टसकट, जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. इंटरनेटची वायर काढून टाकली. आता त्याला बाहेरच्या जगाशी कर्तव्य नाही, त्याने फक्त ह्यांचं मूळ लिखाण दाखवायचं. आणि चोवीस हजारांचा नवा घेतला, माझ्या पेन्शनमधून. चिरंजीव म्हणत होते मी पाठवतो. मी म्हटलं, तू मॉनिटर पाठव, एक कमी पडतोय. त्यावर बँक, त्यावरच बदललेला मजकूर. टेबलावर आता दोन पडदे शेजारी शेजारी आहेत. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे उत्तरपत्रिका. जुना डबा आता चाळीस सेकंदांत सुरू होतो, आणि कुकर लावायला मला वेगळं निमित्त शोधावं लागतं.

काम संपलं की तो जाईल. भंगारवाल्याने वजनावर तीनशे रुपये सांगितले होते, त्याला नाही देणार. ई-कचरा नियमाप्रमाणे घेणारे असतात त्यांच्याकडे देईन, आणि टिक टिक करणारी जुनी डिस्क माझ्याकडेच ठेवीन, कारण तिच्यावर खातेक्रमांकही आहेत. हे चिरंजीवांना मान्य आहे. या वर्षीच्या दिवाळीत त्याला नवीन विषय शोधावा लागणार.

पण हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण निराळंच आहे.

२००४ मध्ये पुस्तक छापून घरी आलं तेव्हा आमचं भांडण झालं होतं. मोठं. मी पानं चाळली आणि विचारलं, यात मुली कुठे आहेत? प्रत्येक पुरुषाखाली त्याची पत्नी, मुलगे, मुलग्यांचे मुलगे. मुलींचं नाव आणि कुठे दिली ते गाव, की ओळ संपली. जुन्या पिढ्यांत तर नावही नाही, 'कन्या एक' एवढंच. हे म्हणाले, कुलवृत्तांत असाच लिहितात, मुलीचा वंश दुसऱ्या कुळात मोजला जातो. मी म्हटलं, मग मला माझ्या माहेरच्या पुस्तकात शोधा, मी तिथेही नाही, कारण तिथे मी 'सांगलीस दिली' आहे. चार दिवस आम्ही फक्त मिठाच्या बरणीपुरतं बोललो. मग नेहमीसारखं सुरू झालं, पण तो विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता मूळ फाइल डावीकडे उघडून मी ओळीने वाचते आहे. पान सदतीसपासून छापील पुस्तकात आणि फाइलमध्ये फरक दिसायला लागला. आधी वाटलं, कुणाच्या तरी पत्रावरून केलेल्या दुरुस्त्या असतील. तशा नव्हत्या. प्रत्येक कन्येखाली तिचा नवरा, तिची मुलं, मुली, त्यांची गावं. कुठे दोन पिढ्या, कुठे तीन. माझ्या नणंदेची पुण्यातली नातवंडंसुद्धा आहेत. शेवटचा बदल २०१६ च्या नोव्हेंबरचा. मला एका शब्दाने सांगितलं नाही. टाइप करताना मी चहा घेऊन गेले की हे म्हणायचे, किरकोळ दुरुस्त्या चालू आहेत.

हे काम पान एकशे एकेचाळीसपर्यंत आलं आहे. पुढची एकाहत्तर पानं जुन्याच पद्धतीची. ती मी पुरी करते आहे आणि त्यासाठी तुम्हा मंडळींची मदत हवी आहे. ज्यांच्या आजीचं किंवा आत्याचं माहेर आमच्या घराण्यातलं आहे त्यांनी तिच्या मुलानातवंडांची नावं, जन्मवर्षं, गावं दिवाळीपर्यंत कळवावीत. कागदावर लिहून फोटो पाठवला तरी चालेल, अक्षर मी लावून घेईन. सवय आहे.

आणि एक खास विचारणा मिरजेच्या मंडळींना. पान एकशे एकेचाळीसवर, पाचव्या पिढीत, छापील पुस्तकात 'कन्या एक, मिरजेस दिली' एवढंच आहे. लग्न साधारण १९३८ च्या आसपासचं असावं, कारण तिच्या पाठच्या भावाचं १९४१ चं आहे. फाइलमध्ये ह्यांनी त्या ओळीपुढे दोनच शब्द वाढवले आहेत, 'नाव? पुढे?'